एक खाऊ कमी

आमच्या कंपनीत कुणी नोकरी सोडून गेलं, की सहा महिन्यांत लोक त्याचं नाव विसरतात. पण तो होक्काइदोहून येताना सगळ्यांना काय खाऊ घेऊन आला होता, हे पंधरा वर्षांनीही सांगतात. "तोच ना तो, चुरा झालेली बिस्किटं आणणारा?" असं. मी काही त्यांच्याहून वेगळी आहे असं समजू नका. मलाही चुरा झालेली बिस्किटंच आठवतात.

आमचा कारखाना जपानात, ताकाओकाला. घरातल्या देवघरात पितरांच्या तसबिरीपुढे ठेवायच्या पितळी घंटा आम्ही बनवतो. दिसायला वाटीसारख्या असतात, लहानशा दांडीने वाजवायच्या. ऑफिसात माणसं बावीस. मी नोझुए, वय अठ्ठावन्न, ऑर्डरी आणि पत्रव्यवहार सांभाळते. कामासाठी कुणी बाहेरगावी गेलं, की मागे राहिलेल्यांना त्याचं काम ओढावं लागतं, म्हणून येताना त्याने सगळ्यांना खाऊ आणायचा. प्रत्येकी एक, आणि तोही वेगवेगळा गुंडाळलेला, म्हणजे आत्ता नको असेल तर खणात टाकून ठेवता येतो. फार महाग चालत नाही, घेणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो. स्वस्त आणला तर तोंडावर कुणी बोलत नाही, पण पंधरा वर्षं लक्षात ठेवतात. आणि आणणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही, एवढं तर आमच्याकडे शाळकरी पोरांनाही कळतं.

गेल्या जुलैत मी एका दिवसासाठी नागोयाला गेले आणि येताना कोळंबीची बिस्किटं आणली. माणसं बावीस, त्यातून मी वजा, म्हणजे एकवीस. दुकानात एकेकाला आठवून बोटांवर मोजून घेतली होती, तरी बिस्किटं निघाली वीस. टेबलाटेबलावर एकेक ठेवत मी शेवटी माझ्या शेजारच्या टेबलाशी आले आणि डबा रिकामा.

शेजारचं टेबल ओकाबेचं.

ओकाबे आणि मी चोवीस वर्षं शेजारी बसलो. चोवीस वर्षं दुपारचे डबे एकत्र उघडले. तिच्या नवऱ्याचं पाठीचं दुखणं, माझ्या मुलाचं मोडलेलं लग्न, मालकांच्या डोक्यावरचे केस खरे की खोटे, सगळं त्या डब्यांवर बोलून झालं. त्या दिवशी ती रिकाम्या डब्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "राहू दे गं, नाहीतरी मी वजन कमी करतेय." सगळं ऑफिस ऐकत होतं. दुसऱ्या दिवशी मी रीतसर भरपाई केली आणि माफीही मागितली. माझ्या परीने काही कमी ठेवलं नाही.

त्याच दुपारपासून ओकाबे आपला डबा घेऊन खाली गाडीत बसून जेवायला लागली. आणि मला म्हणायला लागली, "अहो नोझुएबाई". "अहो नोझुएबाई, तो स्टेपलर जरा देता का?" चोवीस वर्षं 'अगं' म्हणणाऱ्या बाईने 'अहो' म्हटलं, की कुठे लागतं ते ज्याला लागतं त्यालाच कळतं. मला कडाकडा बोलली असती तर मी चार शब्द ऐकून घेतले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण ती गोड बोलायची. गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कुठून?

असे अकरा महिने गेले. आणि या जूनच्या शेवटच्या शुक्रवारी ओकाबे निवृत्त होणार होती. निवृत्त माणसं आमच्याकडे फुलं घेऊन दारातून एकदा बाहेर पडली, की पुन्हा दिसत नाहीत. म्हणजे चोवीस वर्षांचा शेवट 'अहो'वर होणार. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

नेमकं त्याच्या आदल्या आठवड्यात मला आणि आमचे विक्रीप्रमुख मिझोगुचीसाहेब यांना तैपेईला पाठवलं. आमच्याकडच्या तरुण लोकांना आता पितर नको झालेत, पण तैपेईतल्या चहाच्या दुकानांना आमच्या घंटांचा आवाज आवडतो अशी बातमी मालकांना लागली होती. तीन दिवस प्रदर्शनात उभं राहून मी घंटा वाजवल्या. चौथा दिवस शनिवार, दुपारी दोनपर्यंत मोकळा. माझं घरून निघतानाच ठरलं होतं. मी आणि मिझोगुचीसाहेब वजा, राहिली वीस माणसं. वीस खाऊ घ्यायचे, एकही कमी नाही, आणि सोमवारी सगळ्यांच्या देखत पहिला ओकाबेच्या हातात ठेवायचा.

मिझोगुचीसाहेबांना हॉटेलात ठेवून जायचा माझा बेत होता. तो फसला. खाली येऊन बघते तर साहेब कोट-टाय घालून दारात उभे. बाहेर ऊन असं, की कुत्रीसुद्धा दुकानांच्या पंख्याखाली येऊन पडली होती.

"साहेब, टाय तरी काढा."

"परदेशात आपण देशाचे प्रतिनिधी असतो, नोझुएबाई."

देशाचे प्रतिनिधी पाचव्या मिनिटाला घामाने निथळायला लागले. जुन्या बाजारपेठेच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यांचा रुमाल पिळायच्या लायकीचा झाला होता.

"खाऊ आपण दोघांच्या नावाने मिळून देऊ," ते म्हणाले. "वेगवेगळा दिला की लोक तुलना करतात."

म्हणजे शोधायचा मी, उचलायचा मी, आणि नाव दोघांचं. वीस वर्षं विक्रीप्रमुख उगाच टिकत नाही कुणी. मी "बरं" म्हटलं, कारण माझं लक्ष वीसवर होतं.

त्या रस्त्यावर सगळी दुकानं सुक्या मालाची. पोत्यापोत्यांत वाळवलेले मासे, आंबे, फुलं, मुळ्या, आणि ज्यांच्याकडे बघून खायचं की अंगाला लावायचं ते कळू नये अशा वस्तू. मिझोगुचीसाहेबांनी पहिल्याच दुकानात वाळवलेली अळंबी बघितली आणि ते खिळले. दुकानदाराने अंगठा वर करून दाखवला. साहेबांनीही अंगठा वर केला. मोठी पिशवी भरून घेतली.

"बायकोला आवडेल," ते म्हणाले. "असली अळंबी आपल्याकडे बघायलासुद्धा मिळत नाही."

अननसाच्या केकचं दुकान चार घरं सोडून पुढे होतं. दुकानदारीण साठीची, कुरळे केस, चष्मा कपाळावर चढवलेला. तिचं नाव लिआओ. ओसाकाच्या एका हॉटेलात तिने नऊ वर्षं खोल्या आवरल्या होत्या, त्यामुळे आमची भाषा ती फर्डी बोलायची, पण आमचा आडपडदा काही शिकून आली नव्हती. साहेबांना तिने स्टुलावर बसवलं, हातात चहा आणि आंब्याच्या फोडींची बशी दिली आणि माझ्याकडे वळली.

"किती जणांना न्यायचेत, ताई?"

"वीस. आणणाऱ्याने स्वतःला मोजायचं नसतं, म्हणून मी आणि साहेब सोडून."

"नावं सांगा."

"नावं कशाला? वीस सांगितले ना."

"तुमच्याकडच्या बायका इथे येऊन बोटं मोजतात, आणि घरी जाऊन मला फोन करतात, एक कमी पडला म्हणून. मी काय विमानाने एक केक पाठवू? नावं सांगा, मी मांडते."

तिने काचेच्या टेबलावर वीस केक काढले. प्रत्येक पिवळ्या कागदात गुंडाळलेला, चौकोनी, हवा तसा. मी मालकांपासून सुरुवात केली. मालक. मालकांची बायको, जिचं ऑफिसात काही काम नसतं पण जी रोज येते. खिडकीजवळचे तिघे. फोन न उचलणारा कोमोरी. असं करत मी टेबलांच्या रांगेरांगेने आले. प्रत्येक नावाला लिआओबाई एक केक बाजूला सरकवायची. शेवटी आमच्या रांगेतली ती एप्रिलमध्ये लागलेली मुलगी.

"झाले," मी म्हटलं.

"झाले कसे? हा कुणाचा?"

टेबलावर एक केक शिल्लक होता.

"तो... माझा असेल."

"आत्ताच म्हणालात, स्वतःला मोजायचं नाही."

"मग साहेबांचा."

"तेही मोजायचे नाहीत म्हणालात."

मी पुन्हा मालकांपासून मोजलं. या वेळी दर टेबलाशी मनात थांबून, नीट. पुन्हा एकोणीस. मला घाम फुटला, आणि तो काही उन्हाचा नव्हता. मागून मिझोगुचीसाहेब तोंडात आंबा असताना म्हणाले, "ओकाबेबाई राहिल्या ना."

माझे कान तापले. जिच्यासाठी ही सगळी उरस्फोड चालली होती, जिच्या हातात पहिला ठेवायचा म्हणून अकरा महिने मनात घोकत होते, तीच नेमकी दोन्ही वेळा राहिली. त्या नव्या मुलीच्या टेबलावरून मी मनातल्या मनात, ओकाबेचं टेबल ओलांडून, सरळ माझ्या टेबलावर गेले होते आणि तिथे मोजायचं थांबवलं होतं.

"कोण ही ओकाबे?" लिआओबाईने विचारलं. "बहीण?"

"नाही हो. ती माझ्याशी धड बोलतसुद्धा नाही."

"मग बहीणच म्हणा की."

ती स्वतःच्या विनोदावर खदखदून हसली. मला हसू येईना. ते वीस पिवळे केक बघत मी तिथेच उभी राहिले आणि मला गेल्या वर्षीची नागोयाची बेरीज समजली. मी ओकाबेला विसरले नव्हते. मी स्वतःला मोजत नव्हते, आणि ती त्यातच गेली होती. हे अकरा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर तिला सांगता आलं असतं. तेव्हा मला वाटलं होतं, आपलं गणित कच्चं आहे.

लिआओबाईने दहा-दहाचे दोन डबे बांधून दिले. मिझोगुचीसाहेबांनी आंबा फुकट खाल्ला होता, तो त्यांच्या अंगावर आला. आमच्याकडे कुणाचं फुकट खाल्लं, की परतफेड होईपर्यंत अन्न पचत नाही. त्यांनी बॅगेतून नमुन्याची एक घंटा काढली आणि दोन्ही हातांनी, वाकून तिला दिली. तिने ती वाजवून बघितली. ज्या आवाजाने पितर जागे होतात असं आम्ही जाहिरातीत लिहितो, तो आवाज ऐकून आतून एक मांजर धावत आलं.

"वा," ती म्हणाली. "याला जेवायला बोलवायला छान आहे."

साहेबांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं.

विमानतळापर्यंत टॅक्सीने गेलो. आत शिरल्यावर मी दोन्ही डबे साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवले. "साहेब, मी हात धुऊन येते. एवढं बघा."

"बिनधास्त जा," ते म्हणाले.

मी सात मिनिटांत परत आले. खुर्चीवर एक डबा होता. दुसऱ्याच्या जागी पेरूंची पिशवी होती. साहेबांचा चेहरा काहीतरी थोर काम करून आलेल्या माणसाचा होता.

"डबा कुठाय?"

"नोझुएबाई, जगात चांगली माणसं आहेत. माझी अळंबी टॅक्सीत राहिली होती. तो ड्रायव्हर, बिचारा, गाडी लावून, धावत, इतक्या गर्दीतून मला शोधत आला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"डबा कुठाय, साहेब?"

"त्याला दिला. तो दोनदा नको म्हणाला, मी तिसऱ्यांदा आग्रह केला. मग तो पुन्हा धावत गेला आणि हे पेरू घेऊन आला. मी आणखी काही देणार होतो, पण तो पळून गेला."

"एका माणसाला दहा केक?"

"एकच द्यायचा तर डबा फोडावा लागला असता," साहेब म्हणाले. "फोडलेला डबा कुणाला देतात का?"

खरोखरच देत नाहीत. मी त्यांच्या हातातल्या अळंबीच्या पिशवीकडे बघितलं. पिशवीच्या मागे एक लहान लेबल होतं. मी वाचलं.

"साहेब, ही अळंबी ओइताची आहे. आपल्या ओइताची. आपल्याकडून इथे येते."

साहेबांनी चष्मा लावला, लेबल वाचलं, बराच वेळ वाचलं.

"म्हणजे माल खात्रीचा आहे," ते म्हणाले.

आत तपासणी होऊन पुढे गेलो तेव्हा विमानाला वीस मिनिटं होती. केकचं दुकान एकच, आणि त्यात आमच्याआधी आमच्याच देशातली चाळीस बायकांची सहल शिरलेली. सगळ्या बोटं मोजत होत्या. एकीच्या हातात चक्क ऑफिसचा नकाशा होता. त्या बाहेर पडल्या तेव्हा फळीवर धूळसुद्धा शिल्लक नव्हती. शोधून शोधून कोपऱ्यात एक डबा सापडला, एका बाजूने चेपलेला. आत केक नऊ, तेही गोल.

दहा आणि नऊ. मी तिथेच उभ्या उभ्या पुन्हा बोटांवर मोजलं, कारण काही गोष्टींवर माणसाचा एकदम विश्वास बसत नाही. एकोणीस. यंदाही एक कमी.

मिझोगुचीसाहेब गेटपाशी बसून पेरू खात होते. ताजी फळं आमच्याकडच्या विमानतळावर आत नेऊ देत नाहीत.

"टाकून द्या की," मी म्हटलं.

"त्या ड्रायव्हरला काय वाटेल?"

"तो काय इथे बघायला येतोय?"

"मला माहीत असेल ना," ते म्हणाले, आणि चौथा पेरू घेतला. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "एवढी काळजी कशाला करता? एकच तर कमी आहे. ओकाबेबाई नाहीतरी या शुक्रवारी निवृत्त होतायत. त्यांना वगळू."

हातात पेरू असता तर मी फेकून मारला असता. पेरू सगळे त्यांच्याकडे होते.

विमानात खिडकीकडे तोंड करून मी एकेकाला वगळून बघितलं. मालकांना वगळता येत नाही. त्यांच्या बायकोला तर मालकांपेक्षाही येत नाही. कोमोरीला वगळलं तर तो फोनबरोबर दारही उघडायचं बंद करेल. नवी मुलगी आधीच रोज नोकरीच्या जाहिराती वाचते. रविवारी ताकाओकात एखादा केक घेऊन भर घालावी, तर तो तैपेईचा नाही हे आमच्या ऑफिसात वासावरून ओळखतील. विमान उतरायला लागलं तेव्हा माझं एका नावावर ठरलं होतं. मिझोगुचीसाहेबांनी सुचवलं तेच नाव. माझं कारण वेगळं होतं, पण तिला ते पटलं नाही तर चोवीस वर्षांवर मी स्वतःच्या हाताने पाणी सोडणार होते.

सोमवारी दहाच्या चहाला मी ट्रेमध्ये एकोणीस केक मांडले आणि निघाले. "आम्हा दोघांकडून," मिझोगुचीसाहेब प्रत्येक टेबलाला माझ्या मागून सांगत होते. मालकांना चौकोनी, त्यांच्या बायकोला चौकोनी. गोल केक कोमोरीच्या रांगेत मधेच सुरू झाले, तेव्हा कोमोरीने स्वतःचा केक शेजाऱ्याच्या केकशेजारी ठेवून उंची ताडून बघितली. मी चालत राहिले. नव्या मुलीला शेवटचा दिला. आणि रिकामा ट्रे दोन्ही हातांत धरून ओकाबेच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

ऑफिसातला कागदाचा आवाजसुद्धा थांबला. मालकांच्या बायकोने कागद अर्धा उलगडला होता, तो तसाच राहिला.

ओकाबेने ट्रेकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि गेल्या वर्षीचंच हसू हसली.

"राहू द्या हो, नोझुएबाई. नाहीतरी माझं वजन..."

"वजन गेलं खड्ड्यात," मी म्हटलं.

माझा आवाज इतका मोठा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. पण निघाला, मग मी थांबले नाही.

"दुकानातल्या बाईने मला एकेकाचं नाव घ्यायला लावलं, ओकाबे. दोनदा. दोन्ही वेळा तू राहिलीस. नागोयालाही हेच झालं असणार. मी स्वतःला मोजत नाही आणि त्यात तुलाही मोजत नाही. चोवीस वर्षांची खोड आहे, मला माहीतच नव्हती. आज पुन्हा एक कमी पडला. कुणालाही वगळता आलं असतं. मी तुलाच वगळलं. मोजून द्यायला तू काही परकी नाहीस. आता तुला काय म्हणायचं ते म्हण, पण त्या स्टेपलरवाल्या आवाजात म्हणू नकोस."

ट्रे अजून मी दोन्ही हातांत धरूनच होते. ओकाबेने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"बिस्किटाचा राग कुणाला आला होता?" ती म्हणाली.

"मग?"

"दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलीस तू. सोनेरी दोरी बांधलेला. वर पाकीट, आत पत्र. 'आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहे. आपली नम्र, नोझुए.'" तिने अक्षर न् अक्षर म्हणून दाखवलं. "आपली नम्र! हे तू घंटेला चीर गेली म्हणून तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांना लिहितेस. मी तुझ्या शेजारी बसते, मला माहीत नाही का? म्हटलं, चोवीस वर्षांनी आपण गिऱ्हाईक झालो. तर गिऱ्हाइकासारखं वागावं."

मी ते पत्र तीनदा लिहिलं होतं. चांगल्या शाईने. त्यात एकही चूक नाही याचा मला अभिमान होता.

"मी वाट बघत होते," ओकाबे म्हणाली, "की तू म्हणशील, तुला नाही, मलाही नाही, फिट्टंफाट झाली. एवढं म्हणून हसली असतीस, तरी पुरे होतं."

"मला सुचलं नाही गं."

"तुला बोलताना कधी सुचतं? लिहायला बस म्हणावं, ढीगभर लिहिशील."

इथे मिझोगुचीसाहेब घसा खाकरून पुढे आले. "मी विमानतळावरच म्हणालो होतो," ते सगळ्या ऑफिसाला म्हणाले, "की ओकाबेबाईंनाच वगळू या."

"तुम्ही गप्प बसा!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

साहेब गप्प बसले. मालकांनी उगाच एक फाईल उघडली. कोमोरीने, कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदा, न वाजलेला फोन उचलला. हळूहळू कागदांचे आवाज सुरू झाले आणि मी माझ्या खुर्चीत जाऊन बसले. ओकाबेने समोरचं काम ओढून घेतलं आणि बारापर्यंत मान वर केली नाही. मला कळेना, मिटलं की आणखी बिघडलं.

बारा वाजले. ओकाबेने खणातून डबा काढला आणि रोजच्यासारखी दाराकडे निघाली. मी माझा डबा काढला होता, पण अजून उघडला नव्हता. दाराशी ती थांबली.

"येतेस ना? की आमंत्रणपत्र पाठवू?"

तिच्या गाडीत पुढच्या सीटवर आम्ही बसलो. उन्हाने गाडी तापलेली होती, तिने दोन्ही काचा खाली केल्या. मी डब्याचं फडकं सोडायला लागले, तेवढ्यात तिने समोर बघत विचारलं, "फेब्रुवारीत तुझी आई गेली, तेव्हा तू जवळ होतीस का गं?"

आईच्या अंत्यविधीला ओकाबे आली होती. काळ्या कपड्यांत, रीतीप्रमाणे पैशांचं पाकीट देऊन, वाकून, सगळ्यांसारखं दोन वाक्यं बोलून गेली होती. मी तिला छापील आभारपत्र पाठवलं होतं. तेव्हापासून कुणीतरी हे विचारावं, म्हणून मी थांबले होते आणि ते कुणीतरी म्हणजे कोण हेही मला माहीत होतं.

"नव्हते," मी म्हटलं. "हॉस्पिटलात खाली मशीनमधून कॉफी घ्यायला गेले होते. वर आले तर..."

पुढचं मी कितीतरी वेळ बोलत होते. काय आणि किती बोलले ते आता आठवत नाही. ओकाबेने मध्ये एकदाही "हो का" म्हटलं नाही, नुसती माझ्या मांडीवरचं फडकं हातात घेऊन त्याची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत राहिली. कारखान्याचा एकचा भोंगा झाला, तेव्हा दोघींचे डबे तसेच बंद होते.

"उद्या पाच मिनिटं आधी निघ," गाडीचं दार लावताना ती म्हणाली. "चारच दिवस राहिलेत."